शास्त्रीच्या भरतीची बोली

संगमेश्वरचे नाव निघाले की इतिहासाच्या वाचकास १ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजीराजे तेथे मोगलांच्या हाती पडल्याचा प्रसंग आठवतो. परंतु शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव एके काळी खाडीतले बंदर होते, जयगडच्या मुखातून आत शिरलेली तारवे भरतीवर येथवर चढत आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल घेऊन माघारी फिरत, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या बंदराचा सारा व्यवहार पाण्याच्या चढउतारावर चाले, म्हणून येथील नाखवा पंचांग पाहूनच नांगर उचली. अमावास्या-पौर्णिमेस पाण्याला उधाण येते आणि किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास लागते. पुढे ती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडत अष्टमीस सहाच्या आसपास येते, आणि तेव्हाचे पाणी बेताचेच चढते, त्याला ‘भांग’ म्हणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास हाती लागतो, हा हिशेब अक्षरशत्रू तांडेलाच्याही जिभेवर असे. वाऱ्याचेही तसेच. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा शीड भरून गलबत आत आणी, तर उत्तररात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा त्यास समुद्राकडे नेई. भरती आणि वारा यांचा मेळ बसला नाही, तर वल्ही मारावी किंवा नांगर टाकून पुढच्या पाण्याची वाट पाहावी, एवढेच खलाशांच्या हाती उरे.

या शब्दांची वंशावळ मला विशेष मोलाची वाटते. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी, सुकाणू हे अरबी ‘सुक्कान’, तर बंदर आणि दर्या हेही फारसीच. आणि त्यांच्याच शेजारी डोलकाठी, शीड, नाळ, वल्हे हे आपल्या मातीतले शब्द निःशंकपणे नांदतात. अरबस्तानापासून मलबारापर्यंतच्या दर्यावर्दींचा सहवास पिढ्यान्‌पिढ्या घडला, याचा इतका निर्विवाद पुरावा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. मराठी राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांनी आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात आरमारास स्वतंत्र प्रकरण दिले, त्यावरून नौकानयनाच्या या विद्येची राज्यास किती कदर होती ते दिसते.

पावसाळा आला की गलबते काठावर ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाल्यावर पुन्हा पाण्यात लोटीत. पुढे खाडीत गाळ साचत गेला, मोठी तारवे संगमेश्वरापर्यंत पोचेनाशी झाली, मग सडक आली, रेल्वे आली. आज आपण केवळ बोलण्यात सुकाणू हाती घेतो, उत्साहाला उधाण आणतो. पण भांग आणि मतलई हे शब्द मुलांस शाळेच्या भूगोलातच भेटतात, आणि शिडाचे आडवे लाकूड, ते परबाण, तेथेही भेटत नाही.

खाडीकाठच्या खारवी, भंडारी आणि दालदी घरांत शिडाच्या होडीवर वावरलेले वृद्ध अजून असतील. वाचकांपैकी ज्यांचे अशा घरी जाणेयेणे आहे, त्यांनी दोराच्या, गाठीच्या, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या एकेका नावाची, ते कोणत्या कामी येई त्यासह, याच हंगामात टिपणे करून ठेवावीत.