खाडी एकच, पोलीस तीन: मग हद्द कुणाची?

भिवंडीतून मी बोलतोय. लूमच्या खडखडाटात किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय.

जलवाहतुकीवरच्या भागानंतर तुमच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न आला. काल्हेरहून बोट सुटली, मधेच खाडीत काही झालं, मारामारी, चोरी, अपघात, तर यायचं कुठल्या पोलिसांनी? प्रश्न साधा वाटतो, पण आपल्याकडच्या पाण्याच्या सुरक्षेचा सगळा गुंता त्यात आहे. म्हणून आज तोच सोडवू.

उत्तर आधीच सांगून टाकतो: जो आधी पोहोचेल त्याने. कायदा जवळपास हेच म्हणतो. अडचण कायद्यात नाही, सवयीत आहे. कशी, ते बघू.

आधी नकाशा समजून घेऊ

उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरात उगवते. कर्जत, बदलापूर, उल्हासनगर करत कल्याणला येते आणि तिथून तिची खाडी होते. दुर्गाडीच्या पायथ्याशी अलीकडे कल्याण, पलीकडे आपलं कोन. पुढे कशेळीच्या पुलाखालून जाताना एका काठाला भिवंडी, दुसऱ्या काठाला ठाण्याचं बाळकूम. ठाण्यापाशी पाण्याला दोन वाटा फुटतात. एक ठाणे खाडीकडे जाते. दुसरी घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. आपली कामवारी नदीही याच वसई खाडीच्या पाण्यात येते.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यातला ५३ क्रमांकाचा हा आपला: कल्याण, ठाणे, मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटर. काल्हेर, कोलशेत, डोंबिवली आणि मीरा-भाईंदर इथल्या जेट्टी याच योजनेतल्या.

आता या पाण्यावर पोलिसांच्या रेषा मारा. कल्याण, भिवंडी शहर, काल्हेर, कशेळी, ठाणे हे ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात. भिवंडी तालुक्यातली बरीच गावं ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. आणि खाडीच्या मुखाशी मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय, जे १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. म्हणजे कल्याणहून समुद्रापर्यंत जाणारी बोट तीन पोलीस दलांच्या हद्दीतून जाते. प्रत्येक दलात काठाकाठाने वेगवेगळी पोलीस ठाणी, ती वेगळीच. कोनच्या बाजूला कोनगाव पोलीस ठाणं, काल्हेर-कशेळीला नारपोली, पूल ओलांडला की कापूरबावडी.

आणि हे पाणी आजच वाटलं गेलंय असं नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. पण तेव्हा ठाणे आणि वसई पोर्तुगीजांकडे होती. जहाज आपलं, पाणी आपलं, समुद्राकडे जायचं दार मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ठाणे आणि वसई मराठ्यांकडे आली, तेव्हा कुठे हे दार उघडलं. म्हणजे ही खाडी एकेकाळी खरोखरची आंतरराष्ट्रीय सीमा होती.

रेषेचा फायदा कुणाला?

सरळ सांगतो, रेतीवाल्यांना. सगळ्यांना नाही. पिढ्यान् पिढ्या डुबी मारून हातपाटीने रेती काढणारे लोक वेगळे. मी बोलतोय ते रात्री बार्जवर सक्शन पंप लावून तळ उपसणाऱ्यांबद्दल.

कल्पना करा. उधाणाची भरती आहे, पाणी भरपूर, रात्रीचे दोन. अलीकडच्या गावातला कुणीतरी पंपाचा आवाज ऐकून फोन करतो. पोलीस विचारतात, बोट नक्की कुठे आहे? तो म्हणतो, मधोमध. मधोमध म्हणजे कुणाच्या हद्दीत? हे ठरेपर्यंत बार्ज पलीकडच्या काठाला लागलेली असते. भांगाच्या दिवसांत किंवा ओहोटीला तर काठाशी नुसता चिखल, तिथे जीप काय करणार! महसूल खात्याच्या कारवाईच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जवळपास प्रत्येकीत एक वाक्य असतं: चाहूल लागताच मजुरांनी पाण्यात उड्या टाकून पळ काढला. बार्ज सापडते, पंप गॅस कटरने कापून किंवा पेटवून नष्ट करतात. माणसं आणि त्यांच्यामागचा मालक मात्र पलीकडच्या काठावर.

नुकसान कुणाचं? तळ खरवडला की काठ ढासळतो. खारभूमीचे बांध फुटले की खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जातो. मासे अंडी घालतात ती जागा जाते. पुलांच्या पायाखालचा आधार कमी होतो. आगरी-कोळी गावांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, ते रोज बघतात.

आणि प्रश्न फक्त रेतीचा नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीचा माल रायगडच्या शेखाडीसारख्या किनाऱ्यांवर उतरला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या साठ्यातली स्फोटकं नंतर ठाण्याजवळच्या नागला बंदरच्या खाडीतून बाहेर काढली गेली, हे आपल्या वयाच्या फार थोड्यांना माहीत आहे. नागला बंदर म्हणजे घोडबंदर रोडवर, आणि समोरच्या काठाला आपला भिवंडी तालुका. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले, तेव्हा त्यांना आधी हटकलं ते तिथल्या कोळी लोकांनी. त्यानंतर समुद्रकिनाऱ्यावर बरंच काम झालं: सागरी पोलीस ठाणी, गस्ती बोटी, मच्छीमारांची ओळखपत्रं, नौदल आणि तटरक्षक दलाबरोबरचे सराव. पण ते सगळं मुख्यतः समुद्राकडे तोंड करून. खाडी आत वळली की काम परत जमिनीवरच्या पोलीस ठाण्याकडे येतं.

कायदा काय म्हणतो?

इथे थोडं लक्ष द्या, कारण हे तुमच्या उपयोगाचं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. हद्दीच्या प्रश्नावर तिच्यात पाच कलमं कामाची आहेत.

कलम १७३: दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

कलम ४५: अटकेसाठी पाठलाग करणारा पोलीस देशात कुठेही जाऊ शकतो. कशेळीच्या पुलाखाली मधल्या रेषेवर थांबायची त्याला गरज नाही.

कलम १८६: दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घ्यायची असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला सांगता येतं. तेवढ्यात पुरावा नष्ट होईल अशी भीती असेल तर स्वतः झडती घेऊन नंतर कळवता येतं.

कलम १९८: गुन्हा कुठल्या हद्दीत झाला हे नक्की नसेल, किंवा थोडा इथे थोडा तिथे झाला असेल, तर त्यातल्या कुठल्याही ठिकाणच्या न्यायालयात तो चालू शकतो.

कलम २०३: प्रवासात गुन्हा घडला, तर बोट ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातलं कुठलंही न्यायालय चालतं.

आणि यातलं बरंचसं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतंच. म्हणजे ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्याच्या पुस्तकात पूर्वीही नव्हतं. ते आलं कामाच्या ओझ्यातून. एक गुन्हा नोंदवला की तपास आपल्या गळ्यात, म्हणून.

बोटींचंही तसंच होतं. १९१७ च्या जुन्या कायद्यात नोंदणी राज्याराज्यांत अडकायची. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने एका राज्यातली नोंदणी देशभर चालेल असं केलं, आणि सगळ्या बोटींची एकच केंद्रीय यादी ठेवायची तरतूद केली. यादी एक असली की कुठल्याही काठावरच्या पोलिसाला बोट कुणाची हे कळू शकतं.

जगात हे कसं करतात?

दोन उदाहरणं देतो. पहिलं वाईट घटनेतून आलेलं.

मेकाँग नदी. ५ ऑक्टोबर २०११. म्यानमार, लाओस आणि थायलंड जिथे भेटतात त्या भागात दोन मालवाहू जहाजांवरचे १३ चिनी खलाशी मारले गेले. नदी एक, देश चार, आणि टोळ्या नेमक्या त्या फटीत राहणाऱ्या. त्याच महिन्याच्या शेवटी चारही देश बसले आणि डिसेंबरमध्ये संयुक्त गस्त सुरू झाली. टोळीचा म्होरक्या नाव खाम पुढच्या वर्षी लाओसमध्ये पकडला गेला, आणि २०१३ मध्ये चीनने त्याला विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिला. शिक्षेबद्दल तुमचं मत काहीही असो, शिकायची गोष्ट वेगळी आहे: ज्या देशांचे कायदे, भाषा, गणवेश सगळं वेगळं, त्यांना एकत्र गस्त घालायला दोन महिने लागले. पण त्याआधी १३ माणसं जावी लागली.

दुसरं शांत उदाहरण. ऱ्हाईन नदी जर्मनी आणि फ्रान्सच्या मधून वाहते. तिथे केल गावात जर्मन जलपोलीस आणि फ्रेंच पोलीस एकाच ठाण्यात बसतात, एकाच बोटीवर गस्त घालतात. चोराने काठ बदलला तरी बोटीवर त्या काठाचा पोलीस आहेच.

आणि आपण? आपल्याकडे तर देश एक, राज्य एक, कायदा एक, भाषाही एक!

आपल्या खाडीतली गंमत

एक गोष्ट आपल्याकडे झालेलीही आहे. वसई खाडीच्या मुखाशी दक्षिणेला भाईंदर ठाणे जिल्ह्यात, उत्तरेला नायगाव-वसई पालघर जिल्ह्यात. पूर्वी अलीकडे ठाणे ग्रामीण पोलीस, पलीकडे पालघर पोलीस. २०२० पासून दोन्ही काठ एकाच आयुक्तांच्या हाताखाली आले. पोलिसांपुरती मधली रेषा पुसली गेली.

पण रेती हे गौण खनिज. दंड लावणं, बार्ज जप्त करणं हे महसूल खात्याचं काम. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. आणि महसूल खात्यासाठी तिथे अजून दोन जिल्हे, दोन जिल्हाधिकारी. भिवंडीजवळ पोलीस वाटलेले, मुखाशी महसूल वाटलेला. त्यात खारफुटी तोडली तर वन विभाग, बोटीच्या परवान्यासाठी मेरीटाईम बोर्ड. म्हणून नुसतं पोलीस एक करून भागत नाही. या सगळ्यांच्या हातात नकाशा एक हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. वसई-भाईंदर रो-रो २०२४ मध्ये सुरू झाली. उद्या काल्हेरहून माणसं रोज बोटीने जायला लागली, की खाडीत फक्त रेतीच्या बार्ज नसतील, तुम्ही-आम्ही असू. तिकिटाचा दर ठरण्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात. एक, खाडीला अंतराचे क्रमांक द्या, हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडासारखे, म्हणजे फोन करणारा ‘मधोमध’ म्हणणार नाही, आकडा सांगेल. दोन, तिन्ही दलांच्या माणसांची एक सामायिक गस्ती बोट, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारी. तीन, काठावरच्या कोळी आणि आगरी गावांतल्या लोकांना त्यात घ्या. रात्री कुठला आवाज कुठल्या इंजिनाचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

तुम्ही काय करू शकता?

फोनमध्ये आत्ताच तीन नंबर टाका. ११२, कुठल्याही संकटासाठी. १०९३, सागरी पोलिसांसाठी. १५५४, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलासाठी. फोन करताना मोबाईलवरचं लोकेशन उघडा आणि आकडे वाचून दाखवा. काठावर उभे असाल तर तुमची जागा सांगा, आणि बोट कुठल्या दिशेने किती लांब दिसते ते सांगा. बोटीवर नंबर दिसला तर लिहून घ्या, पण शूटिंग करायला जवळ जाऊ नका. रेतीच्या धंद्यात लोकांवर हल्ले झालेले आहेत, व्हिडिओपेक्षा जीव मोठा. आणि कुणी ‘आमची हद्द नाही’ म्हणालं, तर शांतपणे सांगा: साहेब, कलम १७३, झीरो एफआयआर घ्या.

तुमच्या गावाजवळ खाडीची हद्द कशी ठरते, जुनी माणसं काय सांगतात, ते मला नक्की लिहा. हा भाग काठावर राहणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. पुढच्या भागात खारभूमीच्या बांधांवर बोलू. काळजी घ्या, भेटूच!