चार जीबी आणि धानाचं पंजीयन

कटंगीच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात सकाळचे अकरा वाजलेत. धानाच्या पंजीयनाचे दिवस आहेत. बाकड्यावर जागा नाही, म्हणून चारपाच शेतकरी दाराशी उभे. प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि खसरा-खतौनीची नक्कल. महाराष्ट्राची हद्द इथून जवळच, त्यामुळे मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. पण जमिनीचा कागद मध्य प्रदेशचा, सातबारा नव्हे.

"मोबाइल नंबर सांगा, काकाजी," खुर्चीवरचा मुलगा म्हणतो. काकाजी सावकाश एकेक आकडा सांगतात. मुलगा टाइप करतो, पडदा कोराच. बराच वेळ काही होत नाही आणि मग दहाही आकडे एकदम उमटतात. टेबलाखालच्या डब्यावरचा दिवा जराही विझत नाही, आतून हार्ड डिस्कची बारीक करकर ऐकू येते.

"नेट गेला का गा?" दारातून कुणीतरी विचारतं.

नेट शाबूत आहे. मुलगा टास्क मॅनेजर उघडतो. ती छोटी खिडकी यायलाही वेळ लागतो. मागच्या बाजूनं मी वाचतो: मेमरी ९७ टक्के, डिस्क १००, प्रोसेसर जेमतेम १२. दाराशी माणसं का खोळंबली आहेत, ते या तीन आकड्यांत आहे. मोजणी करणारा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून आहे. वाट पाहतोय तो डिस्कची.

या मशीनमध्ये रॅम ४ जीबी. विंडोज ती ४ केबीच्या पानांनी वाटते, म्हणजे एकंदर १०,४८,५७६ पानं. त्यातली जवळपास निम्मी तिलाच लागतात. उरलेल्यांवर ब्राउझर बसलाय आणि त्यात कालपासून न मिटलेले टॅब: पंजीयन, समग्र आयडी, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक, मध्येच एक गाण्याचा व्हिडिओ. बहुतेक टॅब स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालतात, आणि प्रत्येकीला वाटतं की आपल्याला सलग, प्रशस्त जागा मिळाली आहे. प्रत्यक्षात तिची पानं रॅममध्ये कुठंही विखुरलेली असतात. पटवाऱ्याच्या दप्तरात खसरा क्रमांकावरून कुठली बांधी कुणाची ते कळतं, तशी प्रत्येक प्रोसेसची एक नोंद असते, पेज टेबल. प्रोसेसर प्रत्येक पत्ता या नोंदीवरून लावतो, त्यामुळे एका टॅबला दुसऱ्याच्या बांधीत पाय ठेवता येत नाही.

रॅम भरली की विंडोज बऱ्याच वेळात कुणी न वापरलेली पानं शोधते. काही दाबून लहान करते. ज्यांची मूळ प्रत डिस्कवर जशीच्या तशी आहे ती नुसती सोडून देते, आणि बदललेली पानं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहून ठेवते. पुन्हा लागली की परत आणते. रॅमला उत्तर द्यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. फरक लाखपटीचा.

ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठाचा ॲटलस संगणक १९६२ साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या मुख्य स्मृतीत १६,३८४ शब्द मावत आणि फिरत्या ड्रमवर ९८,३०४. ५१२ शब्दांची पानं आपोआप इकडून तिकडे नेऊन टॉम किलबर्न यांच्या गटानं प्रोग्रॅमरपुढे दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती उभी केली. कमी साधनांत जास्त काम करून देणारी इतकी सुंदर कल्पना संगणकशास्त्रात मला दुसरी दिसत नाही. पण तिलाही मर्यादा आहे. एका वेळी खरोखर हवी असलेली पानंच रॅमहून जास्त झाली, तर आत्ता बाहेर काढलेलं पान पुढच्या क्षणी परत मागावं लागतं आणि यंत्र फक्त ने-आण करत राहतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या थ्रॅशिंगची कारणं मांडली. इथं कटंगीत तेच माझ्यासमोर चाललंय.

"बंद करून चालू कर ना," एकजण सुचवतो. मुलगा मान हलवतो. काकाजींचा अर्ज अर्धा भरलेला आहे. मी म्हणतो, "व्हिडिओ आणि शिष्यवृत्तीचा टॅब मिटवून बघ." तो मिटवतो, मग आणखी तीन. मेमरी ८१ वर येते, डिस्क हळूहळू खाली, दिवा लुकलुकू लागतो. खसरा क्रमांक टाइप करताक्षणी दिसतो. काकाजी पडद्याकडे झुकून रकबा वाचतात.

"माझ्या आधारचा नंबर यात राहील का?" मागची बाई विचारते. प्रश्न अगदी रास्त आहे. मिटवलेल्या टॅबनं वापरलेलं पान दुसऱ्या प्रोसेसला देण्याआधी विंडोज त्यात शून्यं भरते, त्यामुळे पुढच्याला मागच्याचं काही वाचता येत नाही. डाउनलोडमध्ये पडलेली पीडीएफ मात्र कुणी पुसल्याशिवाय जात नाही. मुलगा ते फोल्डर उघडून तिला दाखवतो आणि तिथली जुनी आधार कार्डं काढून टाकायला लागतो.

"नवा कम्प्युटर घेऊ का, दादा?"

"नको. आत एक खाच रिकामी असेल तर चार जीबीची आणखी एक पट्टी टाक. पुढे जमलं तर डिस्कच्या जागी एसएसडी."

"बालाघाटला मिळेल?"

"आधी आतली पट्टी डीडीआर-३ आहे की ४, ते पाहून जा. एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही."