भुलाबाईची माती, डब्यातला खाऊ अन् गाण्यांची वही : खिशाला न झेपणाऱ्या गिफ्टपेक्षा खान्देशची ही रीत का भारी?

वाढदिवस असो की सण, हल्ली मोबाइल उघडला की आधी गिफ्टच्या जाहिराती समोर येतात. नाव छापलेला मग, फोटोची उशी, कस्टमाइज्ड किचेन. वस्तू घरी येते, बॉक्स उघडतो, एक फोटो निघतो आणि विषय संपतो. जळगाव-धुळ्याकडच्या घरांत मात्र एक जुनी रीत आहे. तिच्यात खर्च जवळपास शून्य आणि काम महिनाभराचं, शिवाय ते काम एकट्याने होतच नाही. तिचं नाव भुलाबाई. काही गावांत हिलाच गुलाबाई म्हणतात.

भुलाबाई नेमकी काय?

भाद्रपद पौर्णिमेला घरात मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसवतात, सोबत छोटा गणपती. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. भिल्लिणीच्या रूपातल्या पार्वतीला शंकर भुलला म्हणून हे नाव पडलं, अशी कथा सांगितली जाते. तिथून अश्विनातल्या कोजागरी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघरी जमतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ वाटला जातो. कोजागरीला बऱ्याच ठिकाणी ज्वारीच्या ताटांचा मखर करून पूजा होते. पुण्याकडच्या वाचकांना भोंडला आठवेल, विदर्भातल्यांना त्यांचीही भुलाबाईच. फरक इतकाच की भोंडल्यात मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात आणि इथे माहेरपणाला आलेली एक लेक महिनाभर घरात बसलेली असते.

सण सासर-माहेराचा आहे, म्हणून गाणीही त्याच विषयाची. सासरच्या माणसांची थट्टा, माहेरची ओढ, अधूनमधून एखादी खरी तक्रार. जे तोंडावर बोलता येत नव्हतं, ते टिपरीच्या तालावर बोलता यायचं.

मूर्ती घरी केली की तडकते का?

आज बाजारात रंगवलेल्या तयार मूर्ती मिळतात, आणि बहुतेक घरं त्याच आणतात. घरी करायची हौस असते, पण पहिल्या प्रयत्नात भुलोजीच्या मानेला चीर पडते आणि हौस तिथेच विरते. दोष हाताचा नाही, मातीचा आहे. खान्देशातली काळी कसदार माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच मूर्तीत छोट्या प्रमाणात होतं.

उपाय याच मुलखात पिकतो : कापूस. देवघरातल्या वातींचा थोडा कापूस बोटांनी अगदी विरळ पिंजून मातीत मळायचा. त्याचे तंतू माती धरून ठेवतात. सिमेंटमध्ये तंतू मिसळून तडे रोखतात, तत्त्व तेच. माती शक्यतो नदी-नाल्याकाठची गाळाची घ्यावी, काळी असेल तर थोडी बारीक रेती मिसळावी. जाड गोळा आतून ओला राहतो आणि बाहेरून सुकतो, म्हणून मूर्ती खालून पोकळ करावी. हात, डोकं जोडताना दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या ओढून मध्ये पातळ चिखल लावावा. उन्हात ठेवायची घाई नको, सावलीत चार-पाच दिवस लागतात. रंगाला गेरू, चुना, हळद पुरते. म्हणजे आदल्या आठवड्यातल्या रविवारी सगळ्यांनी मातीत हात घातले तर पौर्णिमेपर्यंत मूर्ती तयार.

नाक वाकडं झालं तर होऊ द्या. प्लास्टर ऑफ पॅरिसचं सरळ नाक पाण्यात विरघळत नाही, मातीचं वाकडं नाक विरघळतं.

खाऊ ओळखायचा खेळ

खरी मजा इथे आहे. खाऊ झाकलेल्या डब्यात असतो. घरच्यांनी तो ओळखू येऊ द्यायचा नाही, मुलींनी ओळखल्याशिवाय सोडायचा नाही. डबा हलवून वाजवतात, मग प्रश्न सुरू. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? लाडू गडगडतो, मुरमुरे खसखसतात, केळ्याचे वेफर्स तर लगेच चुगली करतात. डब्यात आधी फडकं कोंबून आवाज मारणारी चलाख घरंही असतातच.

यात थोडं गणितही आहे. ‘हो की नाही’ असा प्रत्येक नेमका प्रश्न शक्यता निम्म्या करतो. ३२ पदार्थांची यादी असेल, तर पाच प्रश्नांत उत्तर सापडायला हवं. तरीही सापडत नाही, कारण आजीने डब्यात कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेवलेला असतो आणि तो कोणाच्याच यादीत नसतो.

लेक सुरतला किंवा पुण्याला असेल तर हा खेळ व्हिडिओ कॉलवर चालतो का? चालतो, पण एक अडचण आहे. कॉलिंग ॲप्स मागचा गोंगाट गाळतात आणि त्यात डब्याचा खुळखुळाटही गायब होऊ शकतो. आवाज आधी रेकॉर्डरवर घेऊन फाइल पाठवलेली बरी. प्रश्नोत्तरं मग कॉलवर करा.

गाणी कुठे जातात?

मूर्ती दरवर्षी नवी करता येते. गाण्यांचं तसं नाही, ती ज्यांना पाठ आहेत त्यांच्याबरोबर जातात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण जळगावचंच आहे. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या लेवा बोलीत ओव्या रचत गेल्या. त्यांतल्या काही त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवल्या. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपून ठेवलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं. बाकीच्या ओव्या जात्याच्या घरघरीतच राहिल्या.

म्हणून यंदा घरात कोणाला काही द्यायचंच असेल, तर शंभर पानी वही घ्या आणि आजीची, आत्याची, मावशीची गाणी उतरवून काढा. पद्धत साधी आहे. आधी मोबाइलवर पूर्ण गाणं रेकॉर्ड करा, मध्ये थांबवू नका, कारण चाल तुटली की पुढची ओळ आठवत नाही. मग ऐकून लिहा. अहिराणी किंवा लेवा शब्द आहे तसा लिहा, प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करू नका. एका गाण्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि दोन आत्यांत वाद झाला तर दोन्ही लिहा. खाली कोणी म्हटलं, कोणत्या गावाला शिकली, एवढी नोंद हवी. फाइल फक्त एका फोनवर ठेवू नका, घरच्या ग्रुपवर टाका. फोन बिघडतो, वही टिकते, पण दोन्ही असलेलं चांगलं.

सासरी जाणाऱ्या मुलीला मिक्सरसोबत ही वहीही देता येईल. मिक्सर ती स्वतः घेऊ शकते.

आणखी काय करता येईल?

श्रावणातल्या कानबाईला रोटाचं पीठ दळताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची चाल अनेक कुळांत आहे. बाहेरगावी असलेल्याचीही मूठ मोजली जाते, त्यामुळे तो आला नाही तर ते सगळ्यांना जाणवतं. यात मुलींच्या नावाची मूठ वाढवायला पैसे लागत नाहीत.

आणि गोधडी. धुळ्यात थंडीच्या दिवसांत पारा सहा-सात अंशांवर घसरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. धावदोरा कोणालाही एका दुपारी शिकता येतो. पण मोठ्या गोधडीला समोरासमोर दोघं बसलेली बरी, नाहीतर खालचा थर सरकतो. उन्हाळ्यात लेकी आखाजीला माहेरी येतात, सुरुवात तेव्हा करावी. आधी कपाट उघडून कोणतं लुगडं कापायचं हे ठरवा. त्यालाच एक अख्खी संध्याकाळ जाते, कारण प्रत्येक लुगडं कधी, कोणी घेतलं हे आजीला आठवत असतं.