वडापावचे भानोले

वडापाव हा उभ्याने खायचा पदार्थ. कर्जत स्थानकाचेच घ्या. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याचा चढ 37 फुटांमागे 1 फूट इतका खडा असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने कर्जतला लावतात. या थांब्यानेच तिथल्या दिवाडकरांचा बटाटावडा प्रवाशांच्या तोंडी बसवला. तळणीतून काढलेला वडा लगेच पावात जातो आणि गाडी सुटण्याआधी संपतो, म्हणून तो कुरकुरीत लागतो.

तोच वडापाव पुड्यात बांधून उल्हास नदीपलीकडच्या दहिवलीत घरी नेला की वाफेने पाव दमट होतो आणि वड्याचे कवच मऊ पडते. घरीच तळावे, तर तळणारी व्यक्ती शेवटी जेवते. यावर उपाय म्हणजे वडापाव मोडून त्याचे थर एका पातेल्यात लावणे. अमेरिकेत रूबेन सँडविचचे असेच करतात: राय या धान्याचा पाव, खारवलेले गोमांस, आंबवलेला कोबी आणि चीज थरांनी लावून भट्टीत भाजतात. रायगड जिल्ह्याला त्यासाठी इतके लांब जायला नको. कायस्थ प्रभूंच्या घरात कोबीचे किंवा कोलंबीचे भानोले पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. बेसनात कालवलेले मिश्रण भांड्यात थापायचे, खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवायचे, ही त्याची जुनी रीत. वडापावाला हीच रीत शोभते.

सगळी झुंज ओलाव्याशी आहे. म्हणून पाव आदल्या दिवशीचा घ्यावा. ताजा पाव भाजीतले पाणी पिऊन लगदा होतो. 6 पावांची लादी सुटी न करता आडवी चिरावी. खालच्या भागाला चिरलेल्या बाजूने लोणी लावून तव्यावर लालसर करावे. या स्निग्ध थरामुळे पावात ओल लवकर मुरत नाही. हिरवी चटणी घट्ट वाटावी आणि पातळ थरात लावावी.

अर्धा किलो बटाटे उकडल्यावर लगेच सोलून फोडावेत आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी. मोहरी, हळद, कढीपत्ता आणि आले-लसूण-मिरचीच्या ठेच्याची फोडणी, वर कोथिंबीर आणि लिंबू, एवढेच पुरते. इथे चीज घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, चिजाखाली लसणीची चव दबते.

बेसनाचे काम इथे बदलते. तळताना दाट पीठ गरम तेलात क्षणात आवळते. भट्टीत उष्णता हळू पोचते, त्यामुळे तेच दाट पीठ कोरडे पडून तडकते. म्हणून 1 वाटी बेसन वाटीपेक्षा थोडे कमी पाणी घालून सैल भिजवावे, मीठ आणि ओवा घालावा आणि 2 चमचे कडकडीत तेलाचे मोहन ओतावे. ओतताना चर्र आवाज आला पाहिजे. चिमूटभर सोडा शेवटी.

तेल लावलेल्या पसरट भांड्यात पाव, त्यावर बटाटा आणि त्यावर बेसन असा क्रम लावावा. 180 अंशांवर साधारण 20 मिनिटांत बेसन आवळते. मग लादीच्या वरच्या भागाचे तुकडे लोण्यात परतून वर पसरावेत आणि आणखी 10 मिनिटे भाजावे. भट्टी नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, त्यावर कडे ठेवून कढई आधी तापवावी. तिच्यात झाकणाखाली दुप्पट वेळ लागतो. वरची बाजू फिकी राहते, तेव्हा शेवटी लाल तापलेला तवा भांड्यावर थोडा वेळ पालथा धरावा; निखाऱ्यांचे काम तो करतो.

भांडे उतरल्यावर 10 मिनिटे हात लावू नये. बेसन तेवढ्यात घट्ट होते आणि वडी सरळ कापली जाते. सुक्या खोबऱ्याची लाल लसूणचटणी आणि तळलेला बेसनाचा चुरा ताटात वाढतानाच भुरभुरावा, आत घालू नये. उरलेली वडी दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात, पावाची बाजू खाली ठेवून परतली की पुन्हा खमंग होते.