विषय आणि कोडे

राज्यशास्त्राच्या अभ्यासकास ‘आपण कशावर संशोधन करणार?’ असे विचारले, तर बहुधा ‘पक्षांतरावर’, ‘पंचायत राज्यावर’ किंवा ‘मतदारांच्या वर्तनावर’ असे उत्तर मिळते. हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. विषयाला क्षेत्र असते, पण दिशा नसते. ती दिशा कोड्यातून लाभते. आणि अपेक्षा एक असताना प्रत्यक्षात दुसरेच घडले, म्हणजे कोडे जन्माला येते. अपेक्षाच नसेल तर आश्चर्यही नाही, आणि आश्चर्य नसेल तर शोधाला प्रयोजन उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकाचे नाव दक्षिणेकडे प्रवास करणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक आहे. याच नावाचा विधानसभा मतदारसंघ शहराच्या नैऋत्य सीमेकडे, केंगेरीच्या बाजूस पसरलेला आहे. तेथून २०१८ साली एस. टी. सोमशेखर काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आले. जनता दल (सेक्युलर) दुसऱ्या आणि भारतीय जनता पक्ष तिसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१९ च्या जुलैत राज्यातील सतरा आमदार अपात्र ठरविण्यात आले. त्यांत तेही होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा निवडणूक लढविण्यास मोकळीक दिली. ५ डिसेंबर रोजी पंधरा जागांसाठी पोटनिवडणूक झाली. सोमशेखर आता भाजपचे उमेदवार होते, आणि ते पुन्हा विजयी झाले.

पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. मतदार पक्षाला कौल देतो. पक्ष सोडणारा त्या कौलाचा भंग करतो, अशी तिच्यामागील धारणा आहे. ती खरी असेल, तर असा भंग करणाऱ्यास मतदारांनी घरी बसवावयास हवे होते. प्रत्यक्षात अपात्र ठरलेले तेरा जण भाजपच्या वतीने उभे राहिले आणि त्यांपैकी अकरा निवडून आले. अथणी, कागवाड व गोकाक या बेळगाव जिल्ह्यातील जागाही त्यांतच होत्या.

येथे कोडे हाती लागले असे वाटेल. पण कोणीही व्यवहारी माणूस लगेच म्हणेल, ‘यात नवल ते काय? राज्यात सत्ता भाजपची होती आणि त्या सरकारचे बहुमत याच निकालावर अवलंबून होते. लोक सत्तेच्या बाजूने गेले.’ हे उत्तर वजनदार आहे. मात्र त्याने दोन पराभवांचा उलगडा होत नाही. होसकोटेत एम. टी. बी. नागराज हरले, हुणसूरमध्ये ए. एच. विश्वनाथ हरले. सरकार तर सर्वत्र तेच होते! जे कारण सगळीकडे सारखे आहे, त्याने निकालांतील फरक समजावून देता येत नाही. नवशिक्या संशोधकाने मनावर कोरून ठेवावा असा हा पहिला धडा होय.

मग दुसरे उत्तर पाहू. उमेदवाराची स्वतःची मते आणि नव्या पक्षाची मते यांची बेरीज जेथे जमली, तेथे विजय मिळाला असेल. यशवंतपुरात काँग्रेसचा नवा उमेदवार फार मागे पडला. म्हणजे जुनी मते बऱ्याच अंशी व्यक्तीच्या मागे गेली असावीत. होसकोटेत शरत बच्चेगौडा हे आधीचे भाजप उमेदवार बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले व जिंकले. तेथे बेरीज फिसकटली. हुणसूरमध्ये भाजपची पूर्वीची मते अगदीच थोडी; तेथे बेरजेला दुसरा आकडाच नव्हता. उपपत्ती नीट बसली असे वाटते.

पण कृष्णराजपेठ ती मोडून काढते. तेथेही भाजपची ताकद २०१८ साली नगण्य होती, तेथेही उमेदवार जनता दलातूनच आलेला होता, तरी के. सी. नारायणगौडा जिंकले. हुणसूर आणि कृष्णराजपेठ यांत एवढे साम्य असता निकाल उलट का लागला? आता खरे कोडे समोर आले. तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांचे जन्मगाव कृष्णराजपेठ तालुक्यातील, हे त्याचे कारण असेल काय? की हुणसूरमध्ये पूर्वी दोनदा आमदार राहिलेले काँग्रेसचे एच. पी. मंजुनाथ प्रतिस्पर्धी होते, हे? प्रत्येक उत्तराबरोबर अभ्यासकाने हेही सांगितले पाहिजे की, कोणता पुरावा आढळल्यास ते उत्तर तो सोडून देईल. मतदानकेंद्रवार आकडे आणि मतदारांच्या मुलाखती यांचे काम येथून सुरू होते, त्याआधी नव्हे. आधी माहितीचे ढीग रचून मग प्रश्न शोधणे म्हणजे आधी कळस मग पाया.

हा केवळ बुद्धीचा विलास नव्हे. मत व्यक्तीला दिलेले असते की पक्षाला, यावर पक्षांतरबंदीच्या कायद्याचा नैतिक आधार उभा आहे. मतदार व्यक्तीमागे जात असेल, तर तो कायदा मतदाराचे रक्षण करतो की केवळ पक्षाचे, असे विचारावे लागेल. मतदार पक्षामागे जात असेल, तर ते अकरा विजय कशाचे, हे सांगावे लागेल. चांगले कोडे विद्वानास निबंध देते, आणि नागरिकास स्वतःच्याच मताकडे पुन्हा एकदा पाहावयास लावते.