चंद्रावतीची सीता

रामायण म्हटलं की धनुष्य, वानरसेना, लंकेची लढाई. पण सीतेनेच सांगितलं तर? १६व्या शतकात पूर्व बंगालच्या मैमनसिंग भागात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, चंद्रावती नावाच्या कवयित्रीने हेच केलं.

तिचं रामायण सुरू होतं सीतेच्या जन्मापासून. पुढचं सगळं सीता सख्यांना सांगते, कोणत्या महिन्यात काय सोसलं ते. माहेरी आलेली लेक नाही का सांगत, ज्येष्ठात हे झालं, श्रावणात ते झालं! लढाई झटकन उरकते. सीता रणात कुठे होती? ती तर अशोकवनात कोंडलेली.

मग येते कैकेयीची लेक, कुकुआ. गरोदर सीतेला गळ घालते, रावण दिसायचा कसा, काढून दाखव. सीता पंख्यावर चित्र काढते, तिचा डोळा लागतो. कुकुआ तो पंखा तिच्या उराशी ठेवते आणि रामाचे कान भरते. चंद्रावती भीडभाड न ठेवता म्हणते, रामाची बुद्धीच फिरली.

पंडितांनी हे रामायण कच्चं ठरवलं. मैमनसिंगच्या बायका ते गात राहिल्या, म्हणून तर १९३२ साली ते छापता आलं.

आपल्या जात्यावरही हीच गोष्ट आहे. आपली सीता फक्त रावणाचा अंगठा काढते, कारण मान वर करून तिने त्याला पाहिलेलंच नसतं. उरलेलं चित्र कैकेयी पुरं करते. जातं गेलं, गिरणी आली. तुमच्या आजीला, सासूबाईंना ती ओवी येत असेल, तर पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन या. आपण ती रेकॉर्ड करून घेऊ.