रुळाला रूळ जोडताना

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ‘कीन हाऊस’ नावाची एक इमारत आहे. १९१० साली स्थापन झालेल्या ‘द मॉडेल रेल्वे क्लब’चे हे घर. छोट्या आगगाड्या तयार करून त्या चालवणाऱ्यांचा जगातला सर्वांत जुना क्लब अशी त्याची ओळख आहे. सभासद संध्याकाळी जमतात आणि एका मोठ्या मांडणीवर काम करतात. तिचे नाव ‘कोपनहेगन फील्ड्स’. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात किंग्ज क्रॉसच्या मागचा परिसर कसा होता, तो तिच्यात १:१५२ या प्रमाणात उभा केला आहे. दूरची घरे मुद्दाम आणखी लहान केली आहेत, म्हणजे पाहणाऱ्याला शहर लांबवर पसरल्याचा भास होतो. गेली कित्येक दशके हे काम चालू आहे. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यापैकी काही जण आज नाहीत. त्यांनी लावलेल्या विटांशेजारी नवे लोक विटा लावत आहेत.

मोठ्या माणसांनी खेळण्यातल्या गाड्या चालवायच्या? आपल्याकडे असे काही ऐकले की पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा प्रश्न घरातून येतो: एवढा पैसा कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या मासिकाच्या कितीतरी घरांमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यामुळेच हा विषय आम्ही घेतला. मगरिबनंतर मुलगा एका कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतो, अब्बा दुसऱ्या कोपऱ्यात. दोघांमध्ये भांडण नाही, पण बोलण्यासारखेही काही उरलेले नाही. मोबाईल हिसकावून घेणे सोपे आहे. त्याच्या जागी हातात काय द्यायचे, हे अवघड आहे.

मॉडेल रेल्वेचा छंद एकट्याने सुरू होतो आणि लवकरच चार भिंतींना धडकतो. याचे कारण साधे गणित आहे. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण म्हणजे ‘एचओ’, १:८७. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीचा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. या प्रमाणात तो २७ सेंटीमीटरचा होतो. चोवीस डब्यांची गाडी जोडली तर ती साडेसहा मीटर भरते. दहा बाय बाराच्या खोलीत ती सरळ उभीसुद्धा राहत नाही. ‘एन’ हे त्याहून लहान प्रमाण घेतले, १:१६०, तरी गाडी साडेतीन मीटरची होते आणि खोली तेवढ्यातच संपते. म्हणून घरात तीन-चार डब्यांची गाडी गोल गोल फिरते, महिन्याभरात तिचा कंटाळा येतो आणि सगळे खोक्यात भरून माळ्यावर जाते. क्लब नावाची गोष्ट इथे कामाला येते.

क्लबांनी शोधलेला सर्वांत शहाणा उपाय म्हणजे तुकड्यांची मांडणी. प्रत्येक सभासदाने घरी एक पेटी बनवायची आणि तिच्यावर रूळ, डोंगर, घरे, शेत, जे आवडेल ते करायचे. नियम फक्त कडेला: रूळ कुठे येणार, जमिनीपासून किती उंच असणार, वीज कशी जोडायची. मधल्या भागात कोणी ढवळाढवळ करत नाही. भेटीच्या दिवशी सगळ्या पेट्या टेबलांवर ओळीने ठेवतात, कोपऱ्यांसाठी वळणाचे तुकडे लावतात, आणि वीस घरांचे वीस तुकडे मिळून एक लांब रेल्वे होते. पायांना फिरवता येणारे स्क्रू असतात, कारण टेबले कधीच सारखी नसतात. रुळांच्या टोकांत मिलिमीटरभर फरक राहिला तरी डबा घसरतो. अशा वेळी शेजारच्या दोघांना वाकून, एकमेकांशी बोलून ती कड जुळवावीच लागते. वयाचा, पगाराचा, बिरादरीचा फरक तिथे कोणी काढत नाही. डबा का घसरला एवढेच सगळ्यांना हवे असते.

अशा संध्याकाळी दिसतात त्या गोष्टी आपल्या ओळखीच्याच आहेत. कोणी कापडाने रूळ पुसत असतो, कारण धूळ बसली की चाकांना वीज मिळत नाही आणि इंजिन अडखळते. कोणी इंजिन उलटे ठेवून सुटलेली तार डाग देऊन जोडतो. एका टेबलावर जुने डबे, जादा सांधे, निम्मी उरलेली रंगाची बाटली असे सामान बदलायला ठेवलेले असते. नवख्याकडे स्वतःची पेटी नसली तरी त्याच्या हातात कंट्रोलर देतात. काही क्लबांत वेळापत्रकाचा खेळ रंगतो: एक जण गाड्या सोडणारा, दोघे स्टेशनमास्तर, बाकीचे चालक. प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी असते, ती कुठून निघाली आणि कुठे सोडायची हे तिच्यावर लिहिलेले असते. घड्याळही मुद्दाम वेगाने पळवतात, म्हणजे दोन-तीन तासांत अख्खा दिवस उरकतो. एकाने मालगाडी वेळेवर बाजूला घेतली नाही की मागची मेल तटते आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात. शिस्त शिकवण्याचा याहून कमी बोलका मार्ग आम्हाला माहीत नाही.

आई-बाप विचारतील, यातून मुलाला काय मिळणार? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन झाला. काही विद्यार्थ्यांना डबे रंगवण्यात रस होता, तर काहींना टेबलाखाली. टेलिफोन यंत्रणेतले जुने रिले वापरून त्यांनी गाड्यांचे नियंत्रण टेबलाखाली बांधले, आणि संगणक हाती आल्यावर त्याच मुलांपैकी काही जण सुरुवातीच्या नामांकित प्रोग्रामरांमध्ये गणले गेले. ‘हॅक’ हा शब्द आज चोरीशी जोडला जातो. या क्लबात त्याचा अर्थ होता डोके लढवून केलेली करामत. प्रत्येक मुलगा इंजिनिअर होईल असे आम्ही म्हणत नाही. पण बारा व्होल्टच्या तारेत दोष कुठे आहे हे स्वतः शोधून काढलेले मूल पुन्हा तसेच राहत नाही. आणि मूल म्हणजे मुलगीसुद्धा. पाश्चात्य क्लब बराच काळ वयस्क पुरुषांचेच राहिले आणि आज अनेक ठिकाणी त्यांना नवे सभासद मिळत नाहीत. आपण सुरुवात करणार असू तर तीच चूक कशाला करायची? ज्या हातांना जरीकामाची आणि मेंदीची बारीक नक्षी जमते, त्यांना दोन इंचांची चाळ जमणार नाही हे कोणी ठरवले?

आता आपल्या मातीतली गोष्ट. नेरळ-माथेरानची छोटी गाडी बहुतेकांनी पाहिली आहे; ती कोणी उभारली हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने हा सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. मॉडेल करणाऱ्यांना हा मार्ग फार सोयीचा आहे: ‘एन’ प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ घेऊन त्यांवर १:७६ चे डबे चालवले की दोन फुटी रेल्वेचे रूप जवळपास बरोबर येते. इंग्लंडमधले लोक त्यांच्या डोंगरी गाड्या अशाच करतात. उलट आपल्या ब्रॉडगेजची पंचाईत आहे. १,६७६ मिलिमीटरचे रूळ १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. बाजारात मिळतात ते साडेसोळा, कारण ते युरोप-अमेरिकेच्या रुळांच्या मापाने केलेले असतात. बहुतेक जण ही तडजोड चालवून घेतात. माथेरानच्या डब्याखाली एवढी तडजोड करावी लागत नाही.

आणखी एक रेल्वे मनात येते. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या काळात १९०० साली हिजाझ रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०८ साली गाडी दमास्कसहून मदिनेला पोहोचली. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. पहिल्या महायुद्धात तिच्यावर हल्ले झाले आणि मदिनेचा मार्ग बंद पडला. मदिनेचे जुने स्टेशन आज संग्रहालय आहे. या रुळांचे अंतर होते १,०५० मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा: बारा मिलिमीटर आणि वर केसभर. आणि बारा मिलिमीटरचे रूळ मीटरगेजसाठी तयार मिळतात! वाळूची टेकडी, दगडी स्टेशन, खजुरीची दोन झाडे आणि एक काळे इंजिन. एखाद्या मदरशातल्या किंवा उर्दू शाळेतल्या मुलांनी हा तुकडा केला तर इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

पैशाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. चांगल्या आयात इंजिनाला कित्येक हजार रुपये पडतात, आणि हा छंद माणसाला एकावरून दहावर नेतो. कुरआनने इस्राफपासून रोखले आहे. काचेच्या कपाटात ठेवून कोणालाही हात न लावू देण्यासाठी घेतलेले आठवे इंजिन त्यात मोडते असे आमचे स्पष्ट मत आहे. क्लबात निदान एक इंजिन वीस जण पाहतात, चालवतात. खेळाबद्दल म्हणाल, तर हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, आणि त्यांच्या पंखांच्या घोड्यावर पैगंबर (स.) हसले होते, ही रिवायत घरोघर माहीत आहे. ज्यांना माणसांचे पुतळे मांडणे रुचत नाही त्यांनी फलाट रिकामा ठेवावा. गाडी तेवढ्यासाठी थांबत नाही.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. असा संग्रह करणारा गेला की बायका-मुलांना त्याची किंमत कळत नाही, आणि कित्येक वर्षांचे काम भंगारात किंवा मिळेल त्या भावाला जाते. पाश्चात्य क्लबांचे सभासद अशा वेळी घरी जाऊन यादी करून देतात, योग्य गिऱ्हाईक शोधतात. आपल्याकडे तर वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, तेव्हा कोणते इंजिन कितीला घेतले याची वही जिवंतपणीच ठेवलेली बरी. क्लबातून वापरायला आणलेला डबा कोणता, हेही तिच्यात असावे. अमानत तर्क्यात मिसळू नये.

आधी पाहायचे असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. सिग्नल, पूल, रस्ते, जत्रा आणि त्यांतून धावणाऱ्या वेगवेगळ्या काळांच्या गाड्या, सगळे एका दालनात. सुट्टीत मुलांना घेऊन जा, आणि परतताना त्यांना काय आवडले ते विचारा; गाडीपेक्षा सांध्यांबद्दल बोलणारे मूल असेल तर ते कामाचे आहे.

सुरुवात पाच-सहा घरांनी करता येते. रविवारी अस्र ते मगरिब शाळेचा एखादा वर्ग किंवा शादीखान्याची मागची खोली मिळाली तरी पुरे. निवृत्त रेल्वेवाले प्रत्येक शहरात आहेत. त्यांना बोलवा, खुर्ची द्या आणि विचारा. माप ठरवताना नवे शोधत बसू नका. ‘टी-ट्रॅक’ ही ‘एन’ प्रमाणाची पद्धत जपानमधून निघून अनेक देशांत चालते आणि तिची पेटी शाळेच्या बाकावर मावते. तिच्या एका साध्या पेटीची लांबी ३०८ मिलिमीटर आणि वरच्या रुळांची ३१०. सुतार म्हणेल की दोन्ही सारखेच करू, दिसायला बरे. त्याचे ऐकू नका. ते दोन मिलिमीटर बाहेर राहिले तरच दोन घरांचे रूळ एकमेकांना टेकतात.